नव्याची पुनव

आश्विन महिन्यातल्या पौर्णिमेला शहरात कोजागिरी म्हणतात. तिथे लोक गच्चीवर बसतात, दूध आटवतात आणि चांदणे पाहत ते पितात. आपल्या कोकणात याच पौर्णिमेला आणखी एक नाव आहे. नव्याची पुनव. पुस्तकात तिला नवान्न पौर्णिमा असे लिहितात. नव म्हणजे नवे. अन्न म्हणजे खाणे. नवे धान्य पहिल्यांदा घरात येते आणि देवापुढे ठेवले जाते, तो हा दिवस.

शेलू, नेरळ, भिवपुरी, कर्जत, कडाव, कशेळे, पलीकडे चौक आणि खालापूर, हा सगळा भाताचा मुलूख. एका बाजूला माथेरानचा डोंगर, दुसऱ्या बाजूला सह्याद्रीची भिंत, आणि मधून उल्हास नदी वाहते. इथे पाऊस फार. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. म्हणजे सगळे पाणी जमिनीवर साठले, तर दोन माणसे एकावर एक उभी राहिली तरी जवळजवळ बुडतील. एवढे पाणी चार महिन्यांत येते आणि निघून जाते. म्हणून आपल्याकडे भात होते. आणि म्हणूनच भाताची काळजीही फार.

या धड्यात आपण नव्याच्या पुनवेची माहिती वाचू. हा सण का करतात, कसा करतात, आणि आजच्या दिवसांत त्यातून काय घ्यायचे, हे पाहू.

भाताचे वर्ष

शेतकरी मंडळींना शेती शिकवण्याची गरज नाही. पण जे हाताने करतो ते कागदावर वाचले म्हणजे नव्याने दिसते. म्हणून एकदा वर्ष डोळ्यांपुढून नेऊ.

चैत्र-वैशाखात राब भाजतो. शेण, पालापाचोळा, गवत आणि झाडांच्या तोडलेल्या फांद्या रोपाच्या जागी पसरतो आणि पेटवतो. जूनच्या 7 किंवा 8 तारखेला मृग नक्षत्र लागते. आपण त्याला मिरग म्हणतो. पाऊस लागला की राबात दाणे पेरतो. तीन-एक आठवड्यांत आवण वर येते. मग चिखलणी आणि लावणी. गुडघाभर चिखलात, पाठीवर इरले घेऊन बायका ओणव्या होऊन लावणी करतात. हल्ली इरल्याची जागा प्लॅस्टिकच्या कागदाने घेतली. पाठ मात्र तीच दुखते.

श्रावणात बेणणी. भाद्रपदात भात पोटरीला येते आणि निसवते. हळवे भात सुमारे साडेतीन महिन्यांत तयार होते. गरव्याला साडेचार-पाच महिने लागतात. मधल्याला निमगरवे म्हणतात. आश्विनी पुनवेला हळवे पिवळे झालेले असते आणि गरवे अजून हिरवे असते.

आता पाहा, यात प्रत्येक पायरीला भीती आहे. मिरग कोरडा गेला तर राबातले दाणे पाखरे खातात. आर्द्रात पाऊस दडला तर आवण करपते. आवण वाढून बसले आणि लावणीला पाणी नाही, तर रोप म्हातारे होते. पाणी फार आले तर बांध फुटतात आणि लावलेले वाहून जाते. 26 जुलै 2005 चा पूर कोणी विसरलेले नाही. 27 जुलै 2019 ला तर वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली, आणि हजाराहून अधिक माणसांना सुखरूप बाहेर काढावे लागले. जिथे आगगाडी अडते, तिथे भाताच्या काडीचे काय?

पुढे खोडकिडा आहे, करपा आहे, तुडतुडे आहेत, रानडुकरे आहेत. आणि सगळे निभावले, भात कापून शेतात पसरले, की हस्ताचा किंवा चित्राचा पाऊस येतो. ऑक्टोबर 2019 मध्ये असेच झाले. ऐन कापणीच्या दिवसांत कोकणात पाऊस पडत राहिला. उभे भात आडवे झाले. कापलेल्या भाताला शेतातच कोंब फुटले.

माणूस मेहनत करतो. पण पाऊस त्याच्या हातात नसतो. हातात नाही त्याच्यापुढे माणूस हात जोडतो. शेतकऱ्याचे बहुतेक सण इथूनच निघाले.

पाऊस येण्याआधी, पाऊस नसताना

मिरग लागला की कोकणात कित्येक घरी गोडधोड किंवा कोंबडीचे जेवण करतात. त्याला मिरगाची राखण म्हणतात. राखण म्हणजे रक्षण. गावदेवीला, वेशीवरच्या देवाला, शेताच्या बांधावरच्या धोंड्याला नारळ देतात. "देवा, पोराबाळांना, गुराढोरांना सांभाळ, पिकाला सांभाळ," एवढेच मागणे असते. मागण्याला भटजी लागत नाही, पोथी लागत नाही. गावचा जाणता माणूस चारचौघांसमोर गाऱ्हाणे घालतो आणि बाकीचे होकार देतात. देवापुढे सगळ्यांनी मिळून तक्रार आणि विनवणी करायची, त्याला गाऱ्हाणे म्हणतात.

पाऊस लांबला तर धोंडी काढतात. एका पोराच्या अंगाला कडुनिंबाचा पाला बांधतात. पोरे गाणे म्हणत घरोघर जातात. घरची बाई त्याच्या डोक्यावर तांब्याभर पाणी ओतते आणि पसाभर धान्य देते. घरात पाणी कमी असतानाही ती तांब्या ओतते. आपण थोडे सोडले तर वरचा भरपूर सोडेल, असा त्यात भाव आहे.

भाद्रपदात गौरी येतात. त्या रानातल्या पाल्याफुलांच्या असतात, तेरड्याच्या असतात. पाऊस, रान आणि माहेरवाशीण यांचा हा सण. आणि त्यानंतर महिन्याभराने येते नव्याची पुनव. मागण्याचे दिवस संपतात आणि आभार मानायचा दिवस येतो.

नवे कसे बांधतात

पुनवेच्या दिवशी सकाळी घरातले माणूस शेतावर जाते. हळव्या भाताच्या भरलेल्या लोंब्या खुडून आणते. काही ठिकाणी विळ्याला हळदकुंकू लावतात, शेताला नमस्कार करतात आणि मगच पहिली मूठ कापतात. लोंब्यांबरोबर नाचणीचे कणीस घेतात, वरीचे घेतात. आंब्याची पाने, झेंडूची फुले आणि बांधावरच्या कुरडूची फुले घेतात. सगळ्यांची लहान लहान जुडी बांधतात. या जुडीलाच नवे म्हणतात.

मग नवे कुठे कुठे बांधायचे? घराच्या दारावर. देव्हाऱ्याला. तुळशीला. कणगीला. नांगराला. विहिरीच्या रहाटाला. उखळाला आणि जात्याला. हल्ली सायकलला, मोटारसायकलला, रिक्षाला आणि ट्रॅक्टरलाही बांधतात. ज्याच्या जोरावर पोट भरते, त्या प्रत्येकाला नवे मिळते. दारावरचे नवे पुढच्या पुनवेपर्यंत तसेच ठेवायची चाल आहे. ते वाळते, दाणे चिमण्या टिपतात, काडी उरते. वर्षाने नवे बांधताना जुने सोडतात.

त्या दिवशी नव्या तांदळाची खीर करतात. भात नुकते आलेले असते, म्हणून पुष्कळदा मूठभरच नवे तांदूळ जुन्यात मिसळतात. पहिला घास गावदेवीला आणि घरच्या देवाला. मग गाईला. मग म्हाताऱ्या माणसांना. मग मुलांना. आणि शेवटी बाकीच्यांना. तोपर्यंत नवे धान्य तोंडात घालायचे नाही, असा जुना नेम आहे.

हा नेम का? देव रागावेल म्हणून, असे आपण म्हणतो. पण त्यात शहाणपणही आहे. जुन्या काळी भाद्रपदात कित्येक घरांतल्या कणग्या रिकाम्या होत. शेतात दाणे दिसत, पण ते दुधात असत. भुकेने कोणी कच्चे भात कापायला लागला, की पायलीचे अर्धी पायलीही होत नसे. सगळ्या गावाने एकाच दिवसापर्यंत थांबायचे ठरवले, म्हणजे कोणाचे कच्चे पीक कापले जात नाही. आणखी एक गोष्ट आहे. म्हातारी माणसे आधी जेवतात. घरात दाणे कमी असले म्हणजे म्हातारी माणसेच उपाशी राहतात, हे आपल्या पूर्वजांना चांगले ठाऊक होते.

जुडीत भाताबरोबर नाचणी आणि वरी का असते, तेही पाहा. भात खाचरात होते. नाचणी आणि वरी डोंगरउतारावर, माळावर होतात. खाचर बहुतेक कुणब्याचे, आगऱ्याचे. उतारावर ठाकूर आणि कातकरी कष्ट करतात. एका जुडीत खालचे आणि वरचे धान्य एकत्र येते. आम्हांला ही जुडी फार आवडते, कारण तिच्यात सगळा तालुका आहे.

रिकाम्या कणगीचे दिवस

नव्याचा आनंद एवढा मोठा का, हे कळायला त्याच्या आधीचे दिवस आठवावे लागतात. आषाढापासून आश्विनापर्यंत गरिबाच्या घरी खावटी लागे. खावटी म्हणजे खाण्यापुरते उसने घेतलेले धान्य. ते सावकाराकडून आणत. परत करताना सवाईने किंवा दिढीने द्यावे लागे. सवाई म्हणजे एकाला सव्वा. दिढी म्हणजे एकाला दीड.

हिशेब करून पाहू. दोन मण भात दिढीने आणले. सुगीला तीन मण द्यायचे. देता आले नाही, तर पुढच्या सुगीला त्या तिनाचे साडेचार झाले. तेही जमले नाही, तर तिसऱ्या सुगीला पावणेसात मण झाले. खाल्ले दोन मण आणि देणे पावणेसात. हा हिशेब सावकाराच्या चोपडीत लिहिलेला असे. ज्याने भात खाल्ले त्याला चोपडी वाचता येत नसे. तो अंगठा करून मोकळा होई. मोकळा कसला, बांधला जाई.

म्हणजे पुनवेला दारावर नवे बांधायचे, आणि खळ्यावर रास पडली की ती दुसऱ्याच्या गाडीत भरायची, अशी पुष्कळांची स्थिती होती. कुळे तर कसायची एकाची जमीन आणि पिकाचा मोठा वाटा द्यायचा दुसऱ्याला. या जुन्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आताच्या रायगडात, कुळांनी याविरुद्ध उभे राहून दाखवले. अलिबागजवळच्या चरी गावी 1933 साली शेतकऱ्यांनी संप केला. जमीन कसायचीच नाही, असे ठरवले. नारायण नागू पाटील हे त्यांचे पुढारी. संप 1939 पर्यंत चालला. लोकांनी लाकडे फोडून, मिळेल ते काम करून दिवस काढले, पण मागे हटले नाहीत.

आपल्या तालुक्याचे नावही या कामात मोठे आहे. माथेरानला 1912 साली जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे आपले भाई कोतवाल, शिकून वकील झाले. त्यांनी या भागात शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या काढल्या. धान्यकोठी म्हणजे गावाची मिळून कणगी. सुगीत सगळ्यांनी थोडे थोडे घालायचे आणि अडचणीच्या दिवसांत ज्याला लागेल त्याने न्यायचे. सावकाराच्या दाराची पायरी चढायची नाही. त्यांनी शाळाही काढल्या. धान्याबरोबर अक्षर पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते. पुढे 1942 च्या लढ्यात ते भूमिगत झाले. 2 जानेवारी 1943 च्या पहाटे सिद्धगडच्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना वीरमरण आले.

स्वातंत्र्यानंतर 1948 साली कूळ कायदा झाला. 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन ठरला. त्या दिवसापासून कायद्याने कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले. कितीतरी घरांत त्यानंतर पहिल्यांदा खळ्यावरची रास आपली म्हणून घरी आली. त्या वर्षी नवे बांधताना त्या माणसांना काय वाटले असेल, याचा विचार करावा.

तांदूळ खाणारे सगळे

आपल्यासारखेच सगळे भात पिकवणारे लोक नवे साजरे करतात. वारली लोक धान्याला कणसरी म्हणतात. ती त्यांची देवी. गोव्यात गणपतीच्या दिवसांत नव्याची पंचम असते. गोव्यातल्याच राय गावात ख्रिस्ती शेतकरी 5 ऑगस्टला भाताची पहिली कणसे कापून देवळात नेतात. त्याला कणसांचे फेस्त म्हणतात. फेस्त म्हणजे सण. पश्चिम ओडिशात नुआखाई असते, ती गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी. नुआ म्हणजे नवे, खाई म्हणजे खाणे. बंगालात नबान्न. देव वेगळे, भाषा वेगळी, पण लोंबी एकच.

आपल्या देशाच्या पूर्वेला, समुद्रापलीकडे, व्हिएतनाम नावाचा देश आहे. तिथेही भातच मुख्य. त्या देशाच्या उत्तरेला डोंगरांत ताय नावाचे लोक राहतात. त्यांचे नवे वर्ष आपल्या माघाच्या सुमारास लागते. तेव्हा ते शेतात उतरण्याचा सण करतात. गावचे लोक मोकळ्या शेतात जमतात. ताटात भात, कोंबडी, मिठाई ठेवून देवाला आणि जमिनीला दाखवतात, चांगले पीक मागतात. मग खेळ होतात. उंच बांबूच्या टोकाला कडे बांधतात आणि कापडी चेंडू त्या कड्यातून फेकायचा असतो. चेंडू आरपार गेला की वर्ष चांगले जाणार, असे मानतात.

त्याच देशात ले दाई हान नावाचा राजा होता. त्याने सन 987 मध्ये दोई नावाच्या डोंगराच्या पायथ्याशी स्वतः नांगर धरला, असे तिथल्या इतिहासात लिहिले आहे. राजाने पहिला तास काढायचा, म्हणजे प्रजेला नांगर धरायची लाज वाटणार नाही. ही चाल मध्यंतरी बंद पडली होती. 2009 पासून तिथे ती पुन्हा सुरू झाली. आपल्याकडे शिकलेल्या पोराला चिखलात पाय घालायची लाज वाटते. त्याला ही राजाची गोष्ट सांगावी.

मागणे आणि मेहनत

एकदा आमच्या रात्रीच्या वर्गात एका आजींनी विचारले, "मास्तर, देव मानायचा का औषध मारायचं? दोन्ही कसं चालंल?"

आम्ही म्हणालो, "आजी, पोर आजारी पडलं तर तुम्ही काय करता?"

त्या म्हणाल्या, "आंगारा लावते, आन् डाक्टरकडं पण नेते."

आम्ही म्हणालो, "मग पिकालाही तसंच करा. पण डाक्टरकडे न्यायला उशीर करू नका."

नवे बांधायला आपण शेतातल्या चांगल्या लोंब्या निवडतो. भरलेली, टपोरी, रोग नसलेली लोंबी आपल्या डोळ्याला बरोबर कळते. मग त्याच दिवशी पुढच्या वर्षाच्या बियाण्यासाठी चांगला तुकडा हेरून का ठेवू नये? त्यातले भेसळीचे आणि रोगट चूड उपटून टाकावे. ते भात वेगळे कापावे, वेगळे झोडावे, वेगळे वाळवून ठेवावे. देवाला चांगले आणि बियाण्याला उरलेसुरले, असे करू नये. संकरित जातीचे बी मात्र घरचे धरू नये. ते दरवर्षी नवे घ्यावे लागते.

पेरण्याआधी मिठाच्या पाण्याची एक साधी परीक्षा आहे. दहा लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवायचे. त्यात बियाणे टाकून ढवळायचे. पोकळ आणि हलके दाणे वर तरंगतात. ते काढून टाकायचे. तळाशी बसलेले जड दाणे दोन-तीन वेळा चांगल्या पाण्याने धुवायचे आणि सावलीत वाळवायचे. खर्च पाच-दहा रुपयांचा. पण रोप जोमदार येते.

दुसरी गोष्ट चारसूत्री भात लागवडीची. डॉ. ना. कृ. सावंत यांनी ती पद्धत बसवली. तिची चार सूत्रे अशी. पहिले, भाताचा पेंढा आणि तुसाची राख शेतालाच परत द्यायची. दुसरे, गिरिपुष्पाचा हिरवा पाला चिखलात गाडायचा. गिरिपुष्प बांधावर लावता येते. तिसरे, रोपे दोरीवर ठराविक अंतराने लावायची. चौथे, चार चुडांच्या मध्ये खताची गोळी चिखलात खोल खोचायची. वरून फेकलेले खत पाण्याबरोबर वाहून जाते. खोचलेली गोळी पिकालाच मिळते.

कर्जतला भाताचे संशोधन केंद्र आहे, हे आपले भाग्य. ते दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे केंद्र आहे. कर्जत 3, कर्जत 184 अशा जाती तिथल्याच. भाताच्या पोत्यावर आपल्या तालुक्याचे नाव दूरदूर जाते. शेलूहून कर्जतला गाडीने जायला फार वेळ लागत नाही. तिथे जाऊन विचारावे. विचारायला पैसे पडत नाहीत.

आणि कर्ज काढून देव करू नये. वर्गणी ऐपतीप्रमाणे द्यावी. गावदेवीला नारळ पुरतो. तिने कधी कोणाला सावकाराकडे पाठवलेले नाही.

नवे बांधायला शेत पाहिजे

आता शेवटची गोष्ट, आणि ती सर्वांत महत्त्वाची.

शेलू स्टेशनाच्या दोन्ही अंगांना पूर्वी भाताची खाचरे होती. आता तिथे इमारती उठल्या आहेत. नेरळला, वांगणीलाही तेच. मुंबईची माणसे घर शोधत इकडे येतात. त्यांनाही घर पाहिजे, त्यांचा दोष नाही. पण पुनवेच्या आदल्या दिवशी बाजारात भाताच्या लोंब्यांच्या जुड्या विकायला असतात. त्या विकत घेणाऱ्यांत काल-परवापर्यंत स्वतःच्या शेतातून लोंब्या आणणारे लोकही आम्ही पाहतो.

जमीन विकू नका, असे आम्ही म्हणणार नाही. कोणाच्या घरी आजारपण असते, कोणाचे लग्न असते, कोणाचा मुलगा शेती करीत नाही. विकायची की ठेवायची, हे घरातल्या सगळ्यांनी बसून ठरवावे. आमचे म्हणणे एवढेच, की वाचल्याशिवाय सही करू नका.

आमच्या माहितीतले एक शेतकरी होते. त्यांना एकाने सांगितले, "काका, नुसती मोजणीची संमती आहे. इथे अंगठा करा." काकांनी अंगठा केला. तो कागद कुलमुखत्यारपत्राचा होता. कुलमुखत्यारपत्र म्हणजे माझ्या वतीने सगळे व्यवहार या माणसाने करावे, असे लिहून देणे. काकांच्या नावाने दुसऱ्यानेच जमीन विकली. काकांना ते कळले तेव्हा बांधावर तारेचे कुंपण पडले होते. पुढे वर्षानुवर्षे कोर्टाच्या खेपा झाल्या. दोन मण भाताचे पावणेसात झाले होते त्या काळात आणि या काळात फरक एवढाच, की तेव्हा अंगठ्याने रास जात होती, आता शेतच जाते.

म्हणून चार गोष्टी लक्षात ठेवाव्या.

एक. दरवर्षी आपला सातबारा काढून वाचावा. त्यावर नाव कोणाचे, क्षेत्र किती, इतर हक्कांत काय लिहिले आहे, ते पाहावे. नव्याच्या पुनवेला हे काम करण्याची चाल पाडावी. दारावर नवे बांधावे आणि सातबारा वाचावा.

दोन. वडील वारले की वारसांची नावे लागली की नाही, ते पाहावे. बायकांची आणि मुलींची नावेही लागली पाहिजेत. लावणी त्यांनी केली, तर कागदावर त्या का नकोत? हक्कसोडपत्र म्हणजे आपला हक्क सोडल्याचा कागद. बहिणीकडून किंवा आईकडून तो न सांगता घेऊ नये, आणि त्यांनी न वाचता देऊ नये.

तीन. आदिवासी बांधवांची जमीन बिगर आदिवासीला सरकारी परवानगीशिवाय देता येत नाही. तसा कायदा आहे. कोणी घाई करीत असेल, तर आधी तहसील कचेरीत विचारावे.

चार. पावसाने पीक गेले तर नुसते बसून राहू नये. तलाठ्याला आणि कृषी सहायकाला लेखी कळवावे, पंचनामा करून घ्यावा, अर्जाची नक्कल स्वतःजवळ ठेवावी. आता आपल्याला लिहिता येते. लेखी अर्ज असा हवेत विरत नाही.

ज्याला स्वतःची जमीन नाही, त्याचे काय? आपले कातकरी बांधव दिवाळीनंतर बायकापोरांसह वीटभट्टीवर जातात. आधी उचल घेतात आणि सहा-सात महिने ती फेडत राहतात. त्यांनीही एक वही करावी. उचल किती घेतली, विटा किती पाडल्या, बाजाराला पैसे किती मिळाले, ते रोज लिहावे. ज्याच्या वहीत हिशेब असतो, त्याच्याशी मालक सांभाळून बोलतो. आणि घरातले जे पोर शाळेत जाते, त्याला गावीच ठेवता आले, तर ठेवावे.

खळ्यावर रास मोजताना आपण पहिल्या मापाला एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. लाभ, दोन, तीन, असे मोजतो. पहिले माप देवाचे, म्हणून त्याला आकडा नाही. ही चाल सुंदर आहे, ती ठेवावी. पण दोनपासून पुढचा प्रत्येक आकडा आपला आपण मोजावा, आपण लिहावा, आणि आपण वाचावा.

उत्तरे लिहा

1. तुमच्या घरी नवे कुठे कुठे बांधतात? त्यात कोणकोणती पाने, फुले आणि धान्ये असतात?

2. पुनवेपर्यंत नवे धान्य खायचे नाही, या नेमाचा काय उपयोग होत होता?

3. चार मण भात दिढीने आणले आणि दोन सुगी फेडले नाही, तर किती मण देणे होईल?

4. बियाणे पारखण्यासाठी दहा लिटर पाण्यात किती मीठ घालावे?

5. आपल्या घरचा सातबारा आणून वर्गात वाचा. त्यावरची नावे वहीत उतरवून घ्या. एखादे नाव राहिले असेल, तर ते कोणाचे, तेही लिहा.